मदत हवी आहे: गुजरातहून आणलेल्या गाईंना गोचीड, आई हातानेच चिरडते, काँगो तापाचा धोका किती?

नमस्कार मंडळी, जरा घाईतच लिहितेय. आमचं घर तलासरी तालुक्यात, गुजरातची हद्द अगदी जवळ. बाबांनी नुकत्याच वलसाडकडून दोन गीर गाई आणल्यात. गाई धडधाकट आहेत, चारा खातात, दूध देतात, पण कानात, शेपटीखाली, कासेजवळ गोचिडी नुसत्या चिकटल्यात. आई धार काढायच्या आधी बसून एकेक उपटते आणि दगडावर चिरडते, कधी कधी तर नखानेच, आणि तिच्या बोटांना विळ्याचे काप कायम असतात त्यामुळे ते रक्त जखमेला लागतंच.

२०२० मध्ये आमच्या पालघर जिल्ह्यात काँगो तापाबद्दल (गोचिडीतून आणि जनावराच्या रक्तातून माणसाला होणारा विषाणूचा ताप) सावध राहा म्हणून प्रशासनाने सांगितलं होतं, गुजरातमध्ये पेशंट सापडले होते म्हणून, पण तेव्हा कोरोनाच्या गडबडीत कुणी मनावर घेतलं नाही. आता गाई आल्यावर ते आठवलं आणि वाचत बसले. २०११ च्या जानेवारीत गुजरातमधल्याच साणंद तालुक्यातल्या कोलट गावची एक बाई गेली, मग तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्सपण गेले, पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणू संस्थेने) तपासून क्रिमियन काँगो आहे हे सांगितलं. हे वाचल्यापासून झोप लागत नाहीये.

बाबा म्हणतात गाय आजारी असती तर दिसलं असतं ना. हे खरं आहे का? आईला सध्या ताप वगैरे काही नाही पण कशावर लक्ष ठेवू? बाबा धारोष्ण दूध पितात ते चालेल का? आणि गोचिडी काढायच्या कशा, कारण नुसतं "हात लावू नको" म्हटलं तर आई ऐकणार नाही, तिला गाईचे हाल बघवत नाहीत.

प्रतिसाद

ताई, मी पशुवैद्यक आहे. आधी बाबांचा मुद्दा, कारण घोळ तिथेच होतो. काँगोच्या विषाणूने गाय, म्हैस, शेळी, मेंढी सहसा आजारी पडतच नाही. साधारण आठवडाभर विषाणू रक्तात असतो, तेव्हाही जनावर रवंथ करत उभं असतं. त्यामुळे गाय धडधाकट आहे यावरून काहीच ठरत नाही. उलट गाईला ताप आला, लघवी लाल झाली तर ते बहुतेक बबेसिया किंवा थायलेरिया, ते पण गोचिडीमुळेच होतं पण तो आजार वेगळा, रक्तातल्या परजीवीचा, विषाणूचा नाही.

आता घाबरून जाऊ नका. प्रत्येक गोचिडीत हा विषाणू नसतो, आणि तो मुख्यतः हायलोमा जातीच्या गोचिडीतून पसरतो, तिच्या पायांवर फिकट पट्टे दिसतात. पण नुसतं बघून खात्री करायच्या भानगडीत पडू नका, सगळ्यांनाच सारखं वागवा. चिरडणं आजपासून बंद. हातात रबरी ग्लोव्हज, चिमट्याने कातडीला लागून पकडायची, सरळ हळू ओढायची आणि झाकणाच्या बाटलीत रॉकेल घेऊन त्यात टाकायची. मग साबणाने हात धुवायचे. बोटाला काप असेल तर त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी काढा.

खरं तर हाताने काढून हा प्रश्न सुटतच नाही, कारण मादी खाली पडून गोठ्याच्या फटीत हजारो अंडी घालते. तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून औषध लिहून घ्या, गाईवर आणि गोठ्यात एकाच वेळी फवारा, दोनतीन आठवड्यांनी परत फवारा, भिंतीच्या फटी बुजवा. गोचिडीवरचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन दिलं तर दूध किती दिवस वापरायचं नाही हे विचारल्याशिवाय घेऊ नका, हे बरेच जण विसरतात. नवीन गाई तोवर जुन्या जनावरांपासून लांब बांधा. दूध उकळूनच प्या, धारोष्ण नको.

आईसाठी: गोचीड चावली असेल तर लक्षणं एक ते तीन दिवसांत, फार तर नऊ दिवसांत दिसतात, रक्त लागलं असेल तर पाचसहा दिवसांत, जास्तीत जास्त तेरा. म्हणून शेवटचं चिरडल्यापासून दोन आठवडे रोज ताप बघा. अचानक जोराचा ताप, अंग आणि पाठ दुखणं, डोळ्यांना उजेड सहन न होणं, उलट्या असं काही झालं तर सरळ सरकारी दवाखान्यात न्या आणि दारातच सांगा की गोचिडी हाताळल्या होत्या. डॉक्टरांनी न विचारता सांगा, म्हणजे तिथली माणसंपण स्वतःला जपतील. या आजारात शंभरातले दहा ते चाळीस दगावतात, त्यामुळे अंगावर काढायचं नाही.

प्रतिसाद

दोडामार्गहून लिहितोय. आमच्याकडे काजूच्या बागेत जाणाऱ्यांना गोचिडीमुळे माकडताप होतो, तो वेगळा विषाणू आहे, दोन्हीत गल्लत करू नका. पण सवय तीच लागते, गोठ्यातून आलं की कपडे बदलायचे आणि काखेत, गुडघ्यामागे, कानामागे बघायचं. तुमच्याकडेही करा.

धागाकर्ती

डॉक्टर, खूप खूप आभार, आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं. दारातच सांगायचं, हे तिला लगेच पटलं. ग्लोव्हज भाऊ घेऊन येतोय, थर्मामीटर घरात आहे. एकच राहिलं, बाटलीतल्या मेलेल्या गोचिडी उकिरड्यावर टाकू नयेत ना? पुरायच्या का?

प्रतिसाद

उकिरड्यावर नको. पूर्ण मेल्यात याची खात्री करून, झाकण घट्ट लावून, घरापासून आणि विहिरीपासून लांब खोल खड्ड्यात पुरा. रॉकेल आहे त्यामुळे पेटवायला जाऊ नका.