आईला रात्री झोप नाही, डॉक्टर म्हणतात वय झालं. याची काही तपासणी असते का?

जागरण७३:
आई ७३ वर्षांची आहे. गेले पाच-सहा महिने रात्री नवालाच आडवी होते, डोळाही लागतो, पण दीड-दोनला टक्क जागी. मग पहाटेपर्यंत नुसती कूस बदलत राहते, मधूनमधून मोबाईल उघडून किती वाजले बघते, मला शेजारच्या खोलीतून तो उजेड दिसतो आणि जीव तुटतो. दिवसा खुर्चीत डुलक्या, चिडचिड, परवा तर गॅस बंद करायचा विसरली. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले वयाप्रमाणे झोप कमी होणारच, आणि झोपेची गोळी लिहून दिली. अजून सुरू केली नाहीये, मन घेत नाही. हे खरंच फक्त वयाचं आहे की निद्रानाश, हे कळायला रक्ततपासणी, मशीन वगैरे काही असतं का?

रातकिडा:
ताई, निद्रानाश मुळात प्रश्न विचारूनच ओळखतात. इन्सोम्निया सिव्हिरिटी इंडेक्स म्हणून सात प्रश्नांची प्रश्नावली आहे, प्रत्येकाला ० ते ४ गुण, एकूण २८. ७ पर्यंत काळजीचं नाही, ८ ते १४ सौम्य, १५ ते २१ मध्यम, त्यावर तीव्र. पाच मिनिटांत होते. यात किती तास झोपलात हे विचारतच नाहीत, झोप लागायला, टिकायला किती त्रास होतो, तुम्ही समाधानी आहात का, दिवसाच्या कामावर परिणाम होतो का, असं विचारतात. कारण वयानुसार गाढ झोप कमी होते, झोपेची वेळ अलीकडे सरकते, हे खरंच आहे, पण लवकर झोपून लवकर उठणारा माणूस दिवसभर ताजातवाना असेल तर तो आजार नाही. आईंचा दिवस बिघडलाय, आठवड्यातून तीन रात्री आणि तीन महिने असं चाललं की ते वयावर ढकलून चालत नाही. मात्र गुण जास्त आले म्हणजे निदान झालं असं नाही, तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जायचं.

पहाटवारा:
सोबत दोन आठवडे झोपेची डायरी ठेवा. माझ्या वडिलांची ठेवली होती, कधी आडवे झाले, कधी उठले, कशासाठी उठले, दुपारी किती झोपले. पाचव्या-सहाव्या दिवशीच दिसायला लागलं की दर वेळी लघवीला उठतायत, आणि बीपीसाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी ते संध्याकाळी घेत होते. डॉक्टरांनी ती सकाळी घ्यायला सांगितली आणि रात्रीच्या चार फेऱ्यांची एक झाली. म्हणून आईंच्या सगळ्या औषधांची यादी वेळेसकट लिहा, पण मनाने काही बदलू नका.
घोरतात का, मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो का, हेही बघा. तसं असेल तर मात्र मशीनवरची झोपेची तपासणी लागते. संध्याकाळी पायात वळवळ होऊन पाय हलवावेसेच वाटत असतील तर रक्तातलं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, बघतात. उदासपणा आणि विसरभोळेपणा हे दोन्ही आवर्जून सांगा, गॅसची गोष्ट तर नक्कीच.

निवांत:
इतकं कशाला, माझी मावशी रोज गोळी घेते, छान झोपते. एवढं घाबरायचं काय त्यात?

रातकिडा:
निवांत, मावशींना बरं वाटतंय ते चांगलंच आहे, पण बेन्झोडायझेपिन आणि झोल्पिडेमसारख्या गोळ्या वयस्कांना शक्यतो टाळा असं बीअर्स यादीत, म्हणजे वयस्कांसाठी धोक्याच्या औषधांच्या यादीत, स्पष्ट आहे. रात्री बाथरूमला उठताना तोल जातो, पडून खुब्याचं हाड मोडतं, सकाळी डोकं जड राहतं. मात्र बरेच दिवस घेत असतील तर एकदम बंद करू नका, त्याने त्रास उलटतो, डॉक्टर हळूहळू कमी करून देतात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्येच सांगितलंय की जुन्या निद्रानाशाला आधी सीबीटी-आय, म्हणजे झोपेच्या सवयी आणि विचारांवर काम करणारी थेरपी. जागरण ताई, आई नवाला झोपतात आणि सहापर्यंत अंथरुणात म्हणजे नऊ तास, या वयाला सात-आठ तास पुरतात. थेरपीत आधी हाच पलंगावरचा वेळ आवळतात, आणि झोप येत नसेल तर उठून दुसरीकडे बसायला सांगतात.

जागरण७३:
आज आईशेजारी बसून प्रश्नावली भरली. १७ आले. ती म्हणाली, दोन वाजले दिसले की आता पुढची रात्र कशी काढायची याचीच धास्ती बसते. मोबाईल आता रात्री माझ्याकडे ठेवणार, डायरी आजपासून सुरू केलीय. सोमवारी दोन्ही घेऊन परत डॉक्टरांकडे जाते, पायांचंही विचारलं तर म्हणाली हो, संध्याकाळी ओढ लागल्यासारखं होतं, इतके दिवस मला सांगितलंच नव्हतं.