हालचालीची लय मोडणे महत्त्वाचे
गोळीबाराच्या व्हिडिओ गेममध्ये सतत डावी-उजवीकडे हलत राहिले की गोळी लागत नाही, असे काही जण म्हणतात; हे मत मला अर्धेच पटते. डोळ्यांनी पाहून बोट हलायला माणसाला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद लागतात, तेवढ्यात हलणारा निसटतो हे खरे. पण ठरावीक अंतराने दिशा बदलणाऱ्याची पुढची जागा प्रतिस्पर्धी आधीच हेरून ठेवतो, त्यामुळे पाऊल कधी आखूड, कधी लांब टाकून ती लयच मोडावी लागते. आमच्या सोलापुरात सात रस्त्याजवळ काउंटर-स्ट्राइक खेळणारी पोरे दुसऱ्याच ठिकाणी फसतात, ते म्हणजे पळतापळता गोळीबार. या खेळात धावताना झाडलेली गोळी भरकटते, म्हणून कीबोर्डवरची 'डी' कळ दाबून उजवीकडे जाताना ती सोडून क्षणभर डावीकडे नेणारी 'ए' दाबावी, वेग मोडताच गोळी झाडावी आणि लगेच सरकावे. एपेक्स लेजेंड्स या अशाच दुसऱ्या गेममध्ये चालताना नेम फारसा बिघडत नसल्याने तेथे थांबण्याची गरज नाही.