मदत हवी आहे : कोकणात उताराच्या जागेवर घर, पश्चिमेच्या पावसाचं काय करावं?

राजापूर तालुक्यात आमची वडिलोपार्जित जागा आहे. खाली जांभा दगड, पश्चिमेकडे चांगलाच उतार, वरच्या अंगाला जुना फणस. तिथे आई-बाबांसाठी छोटं, आजच्या सोयींचं घर बांधायचंय. ठेकेदाराचं म्हणणं, जेसीबी लावून सपाटी करू, फणस काढू, वर स्लॅब टाकू. मला ते अजिबात नकोय. घर उतारासोबत दोन टप्प्यांत उतरावं आणि फणस जागच्या जागी राहावा.

खरी अडचण पश्चिमेची. दरीचं दृश्य तिकडे, दुपारचं ऊन तिकडून आणि नैर्ऋत्येचा पाऊसही तिकडूनच. जुलैत झड अशी आडवी येते की पडवीची आतली भिंतसुद्धा भिजते. जुन्या घरांना पावसाळ्यात झाप (विणलेल्या झावळ्या) बांधायचे ते याचसाठी. आर्किटेक्टने त्याच बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच सुचवली आहे. कुणी अशी काच लावली आहे का? पावसाळ्यात फटींतून पाणी येतं का? की खोल पडवी, उतरतं कौलारू छप्पर आणि सरकत्या लाकडी झडपा बऱ्या? छप्पर भिंतीपुढे किती काढावं?

दुसरं, भिंतींचा चिरा (जांभ्याचा घडीव दगड) बाहेरून उघडा ठेवायचाय. पण जांभा पाणी पितो. पावसाच्या बाजूला गिलावाच करावा, की दर्जा (चिऱ्यांमधले सांधे) नीट भरून पाणी अडवणारं पारदर्शक कोटिंग पुरतं? ते किती वर्षांनी पुन्हा मारावं लागतं?

आणि फणसाच्या मुळांपासून जोतं किती लांब ठेवलंत, तेही कृपया सांगा.