फिनास्टेराइड (केस गळतीवरची गोळी) मध्येच थांबवलंय का कोणी? मदत हवी आहे

वय 32. स्किनच्या डॉक्टरांनी दिल्यानुसार दीड वर्षं फिनास्टेराइड 1 मिग्रॅ रोज एक गोळी आणि मिनॉक्सिडिल 5 टक्के (टाळूला लावायचं औषध) सकाळ-संध्याकाळ 1-1 मिली चालू आहे. सुरुवातीचे दोन महिने केस उलट जास्तच गळले, सोडूनच देणार होतो पण रेटलं आणि सहाव्या महिन्यापासून गळती थांबली, टाळूवरचा विरळ भाग बऱ्यापैकी भरला (कपाळाचे कोपरे मात्र तसेच). थायरॉइड, आयर्न नॉर्मल.

आता बाळासाठी प्रयत्न चालू आहेत आणि माझा स्पर्म काउंट कमी आलाय. या गोळीने काही जणांचा काउंट कमी होतो आणि बंद केल्यावर बहुतेकदा सुधारतो असं डॉक्टर म्हणाले, नवीन स्पर्म तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात म्हणून गोळी बंद करून तीन महिन्यांनी परत टेस्ट. गोळी बंद करणार हे नक्की, बाळ आधी. तेलं, पीआरपी (स्वतःच्याच रक्तापासून बनवलेली टाळूतली इंजेक्शनं), ट्रान्सप्लांट सध्या नको, बजेट नाही.

ज्यांनी अशी गोळी थांबवून फक्त मिनॉक्सिडिल चालू ठेवलं त्यांचे केस साधारण कितव्या महिन्यात परत गळायला लागले, आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर गेलेले केस परत आले का?