क्लब हाउसमधलं वाचनालय: नवीन पुस्तकं आणि 15 ऑक्टोबर

सेक्रेटरी (बी-101), सकाळी 9:10
नमस्कार मंडळी. वाचनालयासाठी पुस्तकं आली आहेत. विकत घेतलेली 62, देणगीतली साधारण 130. सगळी क्लब हाउसच्या टेबलावर आहेत. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन आहे, त्या संध्याकाळी छोटा कार्यक्रम करून वाचनालय सुरू करू. दोन रॅक रिकामे आहेत. आज दुपारी चार-पाच जण आलात तर लावून टाकू.

ए-302, 9:18
आज लावू नका. एकदा रॅकवर गेलेलं पुस्तक परत उतरवून कोणी नोंदवत नाही. आधी दाखल करायचं, मग लावायचं. आणि देणगीची पुस्तकं नव्या पुस्तकांना चिकटून ठेवली असतील तर आत्ताच्या आत्ता वेगळी करा. शक्यतो दुसऱ्या खोलीत.

डी-201, 9:21
काकू, वेगळी कशाला? नंतर एकत्रच लागणार ना?

ए-302, 9:29
कसर. माळ्यावरची, दिवाणातली पुस्तकं पावसाळ्यात दमट होतात, त्यांत ती असायचीच. खाली पांढरा कागद पसरा आणि पुस्तक कण्यावर दोन-तीनदा आपटा. रुपेरी किडा पळाला किंवा मिरपुडीसारखे काळे कण पडले तर ते पुस्तक बाजूला. कसर वरवर खरवडते: पुठ्ठ्याची छपाई उडते, पानांच्या कडा नकाशासारख्या कुरतडलेल्या दिसतात. पानांतून आरपार गेलेली बारीक गोल भोकं असतील तर ती भुंगेऱ्याची अळी. असं पुस्तक दाराच्या आत घेऊच नका, कितीही दुर्मीळ असो.

बी-404, 9:33
डांबराच्या गोळ्या टाकल्या तर?

ए-302, 9:41
बंद कपाटात एक वेळ ठीक. इथे उघडे रॅक आहेत आणि खाली मुलं बसणार, त्या वासात नको. शिवाय बुरशीवर गोळ्यांचा काही परिणाम होत नाही. संशय असेल ते पुस्तक कोरडं करून झिपच्या पिशवीत घाला, हवा काढा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. उणे 18 अंशाला किमान दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, 24 तास तशीच बंद राहू द्या. घाई केली तर थंड पुठ्ठ्यावर बाहेरच्या हवेतलं पाणी धरतं आणि कसर गेली पण बुरशी आली असं होतं.

डी-201, 9:43
आईच्या मटारशेजारी ठेवतो, परवानगी मिळाली तर.

सी-103, 9:52
बुरशीचं मी सांगतो. पांढरी-हिरवट भुकटी दिसली तर ओल्या फडक्यानं पुसू नका, ती आत मुरते. आधी सावलीत, पंख्याखाली पुस्तक उभं करून पानं मोकळी सोडा. दोन-तीन दिवसांत भुकटी कोरडी पडते. मग गच्चीवर नेऊन मऊ ब्रशनं कण्याकडून बाहेरच्या बाजूला झटका, तोंडाला मास्क लावून. ऑक्टोबरचं ऊन कडक आहे म्हणून उन्हात पसरायचा मोह होईल. करू नका. पुठ्ठे धनुष्यासारखे वाकतात.

ए-105, 9:55
सुप्रभात. (सूर्यफुलांचा फोटो)

ए-105, 9:56
आमच्याकडे बारावीची जुनी गाइडं, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, शिवाय काही कंपन्यांच्या डायऱ्या आहेत. पाच पोती होतील. पाठवून देऊ का?

सेक्रेटरी (बी-101), 9:58
काका, खूप आभार. काकूंना विचारून सांगतो.

ए-302, 10:02
विचारायची गरज नाही. भाऊ, राग मानू नका, पण जुनी गाइडं, बदललेल्या अभ्यासक्रमाची पुस्तकं, डायऱ्या आणि संचातला सुटा खंड आपण घेत नाही. तीन भागांच्या कादंबरीचा नुसता दुसरा भाग रॅकवर दहा वर्षं तसाच बसतो. कथा, कादंबऱ्या, चरित्रं, मुलांची पुस्तकं असतील तर त्या पोत्यांतून काढून जरूर पाठवा.

ए-105, 10:04
बरं. आठ-दहा निघतील.

डी-201, 10:10
नोंदीसाठी शीट करतोय. रकाने: दाखल क्रमांक, दिनांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, आवृत्ती वर्ष, पानं, किंमत, खरेदी की देणगी, शेरा. अजून काही?

ए-302, 10:19
पुरे. तीन गोष्टी मात्र सांभाळ. एक, दाखल क्रमांक एकदा दिला की संपला. पुस्तक हरवलं तरी तो दुसऱ्याला द्यायचा नाही, शेऱ्यात ‘बाद’ लिहायचं. दोन, लेखक नेहमी आडनाव आधी. नाहीतर ‘पु. ल. देशपांडे’, ‘देशपांडे पु. ल.’ आणि ‘पुलं’ असे तीन वेगळे लेखक तुझ्या शीटमध्ये तयार होतील आणि शोधताना एकच सापडेल. तीन, टोपणनावं. कविता कुसुमाग्रज या नावानं आहेत, नाटकं वि. वा. शिरवाडकर या नावानं. पुस्तकावर जे नाव आहे त्याखालीच नोंदव आणि शेऱ्यात दुसरं नाव लिही. नाशिकच्या वाचनालयात हे चुकलं तर हसतील लोक.

डी-201, 10:24
बारकोड स्कॅन करून माहिती आपोआप भरता येईल का?

ए-302, 10:27
978-81 किंवा 978-93 नं सुरू होणारा आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा छापील ओळख क्रमांक, असेल तर आकडा स्कॅन कर. शीर्षक मात्र हातानं, देवनागरीत. आपोआप आलेलं मराठी शीर्षक बरेचदा रोमन लिपीत येतं, नाहीतर येतच नाही. जुन्या पुस्तकांवर हा क्रमांक नसतो, तिथे रकाना रिकामा सोड, मनानं काही भरू नकोस.

सेक्रेटरी (बी-101), 10:31
शिक्का कुठे मारायचा?

ए-302, 10:34
शीर्षकपानाच्या मागच्या कोऱ्या जागेत. मजकुरावर किंवा चित्रावर नाही. आणि आत एक ठरलेलं पान असतं, प्रत्येक पुस्तकात तेच, तिथेही एक शिक्का. पहिलं पान फाडून कोणी पुस्तक आपलं म्हटलं तर ओळख तिथे राहते. त्या पानाचा क्रमांक ग्रुपवर टाकत नाही, कारण उघड आहे.

बी-404, 10:36
कण्यावरचं लेबल? दशांश वर्गीकरण (विषयाप्रमाणे आकडे) करायचं का? मराठी साहित्य 891.46 ना?

ए-302, 10:42
बरोबर, त्यात कादंबरी-कथा 891.463. पण दोनशे पुस्तकांत शंभर त्याच आकड्यावर येणार, मग आकड्याचा उपयोग काय? रंगीत पट्टी पुरे. कथा-कादंबरी निळी, चरित्र हिरवी, कविता-नाटक लाल, मुलांची पिवळी, बाकी सगळं पांढरं. पट्टीवर आडनावाची पहिली दोन अक्षरं आणि दाखल क्रमांक. कण्याच्या तळापासून अडीच सेंटीमीटरवर, सगळ्यांची एका रेषेत.

सी-103, 10:50
रॅकचा हिशोब सांगतो. 250 पानी पुस्तक साधारण दीड सेंटीमीटर जाड. 90 सेंटीमीटरच्या फळीवर 60 बसतात, पण लावायची 40. घट्ट बसवली की लोक कण्याच्या वरच्या टोकाला बोट घालून ओढतात आणि पुस्तक पहिलं तिथेच फाटतं. पाच फळ्या गुणिले 40, म्हणजे एका रॅकवर 200. सगळी पुस्तकं एकातच मावतात. दुसरा रॅक मुलांना द्या. त्यांची पुस्तकं पातळ असतात, उभी लावली तर कणा दिसतच नाही. मुखपृष्ठ समोर करून ठेवा, खालच्या दोन फळ्यांवर.
रॅक भिंतीपासून चार इंच पुढे घ्या. पलीकडे बाथरूम आहे, ती भिंत पावसाळाभर ओल धरते.

बी-404, 10:53
काका, फाटलेली 15-20 आहेत. सेलोटेप लावू का?

सी-103, 11:04
अजिबात नको! दोन वर्षांत टेप पिवळी होते, वरचं प्लास्टिक निघतं, चिकट डाग कागदात उतरतो आणि शेजारचं पान त्याला चिकटतं. तो डाग मग कोणालाच काढता येत नाही. सुटं पान असेल तर आतल्या कडेला फक्त दोन-तीन मिलिमीटर फेविकॉल, बोटानं नाही, ब्रशनं. पान नीट आत सरकवा, दोन्ही बाजूंनी बटर पेपर, वर वजन, रात्रभर. बटर पेपर विसरलात तर तीन पानांचं एक पान होईल.
कणा पूर्ण निखळलेली माझ्याकडे पाठवा, शिवून देतो. खळीत मोरचूद घालतो, ते विषारी, म्हणून घरी मुलांसमोर हे काम करत नाही.
दिवाळी अंक येतील तेव्हा तेही आधी माझ्याकडे. त्यांचा कणा नुसता डिंकावर असतो, चौथ्या वाचकाच्या हातात मधली पानं सुटतात. कण्यापासून पाच मिलिमीटरवर दाभणानं तीन भोकं पाडून दोरा ओवला की मोसम निघतो.

ए-302, 11:08
दिवाळी अंकांचा नियम वेगळा ठेवा. एका वेळी पुस्तकं दोन, 15 दिवस. अंक एक, चार दिवस. 1909 मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून सगळ्यांना तो एकाच आठवड्यात हवा असतो.

सी-402, 11:15
सरकारी अनुदान मिळतं ना वाचनालयाला?

ए-302, 11:19
1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना, अ-ब-क-ड वर्गाप्रमाणे. ती सगळ्यांना खुली असावी लागतात. आपलं फक्त सभासदांसाठी आहे. ज्यांना मोठा संग्रह हवा त्यांनी सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी भरावी, 1840 पासूनची संस्था आपल्या गावात आहे. आणि विकत न घेता नवीन पुस्तकं फिरवायची असतील तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ची चौकशी करा. पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे येते आणि नंतर बदलून मिळते.

बी-404, 11:30
आता 15 तारखेचं. माझा आराखडा: 6 वाजता मुलांसाठी गोष्ट, 25 मिनिटं. त्याहून लांबली की सहा वर्षांखालची मुलं उठतात. खुर्च्या नकोत, सतरंजी, अर्धवर्तुळात. तीसपर्यंत मुलं असतील तर माइक नको, तो पहिली दहा मिनिटं खातो. गोष्ट ज्या पुस्तकातली, ते आणि त्यासारखी दहा पुस्तकं बाजूच्या टेबलावर, आणि देवघेव तिथेच लगेच सुरू. कार्यक्रम संपवून ‘उद्यापासून पुस्तकं मिळतील’ म्हटलं तर उद्या कोणी येत नाही.
मोठ्यांसाठी 6:45 ला अभिवाचन. प्रत एकच आहे, म्हणून कादंबरी नको, कथा घेऊ. साधारण दर दीड मिनिटाला एक पान, म्हणजे 12 पानांची कथा 18-20 मिनिटांत होते.

डी-201, 11:33
रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकू?

ए-302, 11:38
लेखक हयात असेल किंवा जाऊन 60 वर्षं झाली नसतील तर परवानगीशिवाय नाही. साने गुरुजी 1950 मध्ये गेले, त्यांचं चालेल. त्याच कारणानं काल कोणीतरी इथे टाकलेली नव्या कादंबरीची पीडीएफ काढून टाका, प्लीज.

सी-402, 11:39
(हा मेसेज डिलीट केला आहे)

सेक्रेटरी (बी-101), 11:44
27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाला एखाद्या लेखकाला बोलवू?

बी-404, 11:47
त्या दिवशी नाशिकमध्ये प्रत्येक संस्थेचा कार्यक्रम असतो, लेखक मिळणार नाही आणि श्रोतेही वाटले जातील. आधीचा शनिवार घ्या. मे महिन्यातल्या संध्याकाळीही नकोत, गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला असते.

सेक्रेटरी (बी-101), 11:55
ठीक. मग आज फक्त वेगळं करणं आणि तपासणी, दुपारी 4 वाजता. अनामत 300 रुपये, पुस्तक हरवलं तर तेच पुस्तक आणून द्यायचं. कुणाची हरकत?

ए-302, 11:57
हरकत नाही. येताना जुनी वर्तमानपत्रं, मऊ ब्रश आणि झिपच्या मोठ्या पिशव्या आणा. शिक्का आणि शाई माझ्याकडे आहे.

सेक्रेटरी (बी-101), 12:01
चावी वॉचमनकडे ठेवतो. पंखा क्रमांक 2 चा रेग्युलेटर बिघडला आहे, तो फुल्लच फिरतो. पानं उडतील, त्याखाली बसू नका.