बँक्सिया गुलाबाचे श्रेय कोणाचे?

मूळ मुद्दा (यावल)
पांढऱ्या, जवळजवळ बिनकाट्यांच्या बँक्सिया या वेलगुलाबाला ब्रिटिश वनस्पतितज्ज्ञ सर जोसेफ बँक्स यांच्या पत्नीचे नाव आहे, आणि तो 'शोधल्याचे' श्रेय लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाचे माळी विल्यम कर यांना दिले जाते. १८०७ मध्ये त्यांनी तो चीनमधील कँटन बंदरातून इंग्लंडला पाठवला. त्या काळी परदेशी माणसाला चीनच्या अंतर्भागात जाण्याची मुभा नव्हती, त्यामुळे कर यांची रोपे प्रामुख्याने कँटनच्या रोपवाटिकांतलीच होती. शिवाय हा प्रकार दुहेरी पाकळ्यांचा आहे. अशा फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असल्याने सहसा बी धरत नाही, म्हणजेच कोणीतरी फांद्या लावून लावून तो जपला होता. आमचे वडील केळीचा तलवारीच्या पात्यासारखी अरुंद पाने असलेला मुनवाच (बुंध्याशी फुटणारा कोंब) तेवढा ठेवतात आणि रुंद पानांचे काढून टाकतात. अशी पारख ज्या माळ्यांनी केली, तेच या गुलाबाचे खरे मानकरी आहेत.

उत्तर (भुसावळ)
मी असहमत आहे. रोपांसाठी काचेच्या बंद पेट्या १८३० च्या दशकात आल्या. त्याआधी खारे वारे आणि गोड्या पाण्याची टंचाई यांतून कित्येक महिन्यांचा प्रवास करून रोप जिवंत पोहोचणे हेच दुर्मीळ होते. गेल्या मे महिन्यात नाशिकहून आणलेल्या मोगऱ्याने, ओल्या गोणपाटात गुंडाळूनही, मनमाड येईपर्यंत मान टाकली होती. कर यांचे कर्तृत्व हिरावून घेऊ नये.

उत्तर (धुळे)
वाहून नेणाऱ्यांनाही श्रेय मिळतेच असे नाही. आपल्या प्रत्येक कुंपणावरच्या बोगनवेलीला फ्रेंच मोहिमेचे प्रमुख बोगनव्हिल यांचे नाव मिळाले. त्याच मोहिमेत वनस्पतितज्ज्ञ कॉमर्सन यांच्याबरोबर पुरुषवेषात राबलेल्या जान बारे यांचे नाव मात्र वांग्याच्या कुळातील एका वनस्पतीला थेट २०१२ मध्ये देण्यात आले.

मूळ लेखक (यावल)
प्रवासातील कष्ट मला मान्य आहेत. मात्र 'शोध लावला' याऐवजी 'कँटनच्या रोपवाटिकेतून आणला' असे लिहिले जावे, एवढाच माझा आग्रह आहे. इंग्लंडमधील कॅव्हेंडिश घराण्यातल्या ड्यूकच्या काचघरात वाढली म्हणून जग ज्या केळीला कॅव्हेंडिश म्हणते, तिच्यातील ठेंगणा वाण रावेरच्या मळ्यात बसराई याच नावाने ओळखला जातो.

उत्तर (भुसावळ)
हा शब्दबदल मला मान्य आहे, परंतु त्याच वाक्यात कर यांचे नावही राहिले पाहिजे.