पायथन: स्वतःची एरर टेस्टमध्ये चालते, प्रोसेस पूलमध्ये फुटते. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पतसंस्थेच्या खात्यांच्या सीएसव्ही फाइल्स तपासायचा प्रोग्रॅम लिहितोय. गडबड नेमकी कोणत्या ओळीत आहे हे लिहून घेणाऱ्या माणसाला कळलंच पाहिजे, म्हणून नुसती व्हॅल्यूएरर न फेकता एक्सेप्शनवरून 'ओळएरर' असा क्लास बनवलाय. त्याचं इनिट दोन आर्ग्युमेंट घेतं, ओळ आणि कारण. दोन्ही सेल्फवर ठेवतो आणि सुपरच्या इनिटला तयार वाक्य देतो: "ओळ ४१२: रक्कम रिकामी".

पायटेस्टमध्ये रेझेसने एरर पकडून ओळ ४१२ आहे का ते बघतो. टेस्ट पास. पण तेच फंक्शन प्रोसेसपूलएक्झिक्युटरमधून (म्हणजे वेगळ्या प्रोसेसमध्ये) चालवलं की ओळएररऐवजी ब्रोकनप्रोसेसपूल हाती येते. ट्रेसबॅकमध्ये टाइपएरर दिसते: 'कारण' हे आर्ग्युमेंट मिळालं नाही. वर्कर एकच ठेवला तरी तेच. थ्रेडपूलमध्ये मात्र सगळं सुरळीत. कुठे बघू? आणि टेस्टमध्ये हे आधीच कसं पकडता येईल?

उत्तर

लॉजिक ठीक आहे, घोळ पिकलचा आहे, म्हणजे ऑब्जेक्टचे बाइट्स करून पुन्हा ऑब्जेक्ट उभं करणाऱ्या पायथनच्या सोयीचा. दुसऱ्या प्रोसेसमधली एरर तुमच्यापर्यंत पिकल होऊन येते. परत उभी करताना पायथन तुमच्या क्लासला एररच्या आर्ग्जमधल्या गोष्टी देऊन बोलावतं. सुपरला तुम्ही एकच वाक्य दिलंत, म्हणून आर्ग्जमध्ये तेवढंच आहे. ते 'ओळ'च्या जागी जातं आणि 'कारण' रिकामं राहतं. थ्रेड एकाच प्रोसेसमध्ये असतात, तिथे पिकल लागतच नाही.

सुपरच्या इनिटला ओळ आणि कारण दोन्ही जसेच्या तसे द्या. वाक्य तयार करायचं काम डंडर एसटीआरमध्ये (__str__, छापताना काय दिसावं ते ठरवणारी मेथड) हलवा, नाहीतर छापताना टपल, म्हणजे कंसातली नुसती जोडी, दिसेल.

टेस्टसाठी पूल चालवायची गरज नाही. ओळएरर(४१२, "रक्कम रिकामी") बनवा, पिकल.डम्प्स करून लगेच पिकल.लोड्स करा. परत आलेल्या एररचा टाइप, ओळ, कारण आणि एसटीआर चारही तपासा. प्रत्येक कस्टम एररला ही टेस्ट हवीच, असं माझं ठाम मत आहे. आणि रेझेसमध्ये मॅच वापरणार असाल तर तो रेजेक्स (मजकुराचा नमुना, ज्यात कंसासारख्या चिन्हांना खास अर्थ असतो) असतो. संदेशात कंस असेल तर आरई.एस्केप लावा.

प्रश्नकर्ता

चाललं, मनापासून आभार! आता ओळ आणि कारण फक्त नावानेच देता येतील असं करायचंय, म्हणजे अदलाबदल होणार नाही. तरी चालेल का?

उत्तर

तसंच सोडलं तर पुन्हा टाइपएरर येईल, कारण आर्ग्ज जागेनुसार दिले जातात. त्यासाठी डंडर रिड्यूस (__reduce__, एरर परत कशी उभी करायची ते पिकलला सांगणारी मेथड) स्वतः लिहावं लागेल. टेस्ट तीच ठेवा.